पाद्र्याच्या घरचा नाताळ: एका शिलिंगाचा हिशेब

१/
अठराव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातल्या वेस्टन लाँगव्हिल या खेड्यात, दर २५ डिसेंबरला पाच-सात वृद्ध गरीब माणसे गावच्या पाद्र्याच्या घरी जेवायला येत. भाजलेले गोमांस, प्लम पुडिंग, वर बिअर. निघताना प्रत्येकाच्या हाती एक शिलिंग, घरच्या बायकोसाठी. जो आजारी असेल त्याचे ताट घरी पोचवले जाई. इंग्लंडच्या ‘जुन्या, प्रेमळ नाताळा’चे वर्णन करताना हे दृश्य हटकून सांगितले जाते. ते खोटे नाही. मात्र त्याच रोजनिशीची तीन आठवडे आधीची पाने उघडली, की त्या शिलिंगाचा अर्थ बदलतो.

२/
हा पाद्री म्हणजे रेव्हरंड जेम्स वुडफर्ड. जन्म १७४०, सॉमरसेट परगण्यातील ॲन्सफर्ड येथे. वडीलही धर्मगुरूच. शिक्षण ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात. वेस्टन लाँगव्हिलची धर्मवृत्ती याच कॉलेजच्या हाती होती, ती १७७४ मध्ये त्याला मिळाली आणि १७७६ मध्ये तो तेथे राहायला गेला. १ जानेवारी १८०३ रोजी तेथेच त्याचा मृत्यू झाला. त्याने ग्रंथ लिहिला नाही, चळवळ केली नाही, बढतीसाठी धडपड केली नाही. इतिहासाने त्याची दखल घेतली ती एकाच कारणासाठी: १७५८ पासून १८०२ पर्यंत तो जवळजवळ रोज लिहीत राहिला.

३/
रोजनिशीत आत्मचिंतन फारसे नाही. आज काय जेवलो, कोण आले, पाऊस की दहिवर, आणि कोणाला किती पैसे दिले, एवढाच मजकूर बहुतेक पानांवर सापडतो. जॉन बेरेसफर्ड याने संपादित केलेले तिचे पाच खंड १९२४ ते १९३१ या काळात प्रसिद्ध झाले. पहिल्या महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या वाचकांना त्यात हरवलेले, स्वस्थ, पोटभर जेवणारे इंग्लंड दिसले. वुडफर्डच्या नाताळाची लोकप्रिय प्रतिमा पुष्कळशी या वाचनातून घडली आहे. रोजनिशीतले आकडे मात्र त्या प्रतिमेपेक्षा बरेच बोलके आहेत.

४/
प्रथम हा नाताळ कसा होता ते पाहू. आज नाताळ म्हटल्यावर जे जे डोळ्यांसमोर येते, त्यातले बहुतेक काही तेथे नव्हते. शुभेच्छापत्रे १८४३ ची. सजवलेले झाड इंग्लंडमध्ये घरोघर पोचले ते व्हिक्टोरिया राणीच्या काळात. डिकन्सची प्रसिद्ध नाताळकथाही १८४३ चीच. उलट, वुडफर्डच्या जन्माआधी शंभर वर्षे पुरती झाली नव्हती, तेव्हा १६४७ मध्ये प्युरिटनांच्या संसदेने नाताळ साजरा करण्यावर बंदीच घातली होती. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि सणही परतला. त्यामुळे अठराव्या शतकातल्या खेड्यातील नाताळ साधा आणि काहीसा अबोल होता.

५/
२४ डिसेंबरला दिवाणखान्याच्या आणि स्वयंपाकघराच्या खिडक्यांना लाल फळांनी लगडलेल्या हॉलीच्या डहाळ्या लावल्या जात. २५ ला सकाळी चर्चमध्ये उपासना आणि प्रभुभोजन. आज अनेक चर्चमध्ये प्रभुभोजन वारंवार होते, पण तेव्हाच्या ग्रामीण इंग्लंडमध्ये हा विधी वर्षातून तीन-चार वेळाच होई आणि त्यातला एक दिवस नाताळाचा असे. म्हणूनच त्या सकाळचे धार्मिक गांभीर्य मोठे होते. चर्चमध्ये शेकोटीची सोय नसे आणि कडाक्याच्या थंडीत हा विधी पार पाडणे सोपे नव्हते. उतारवयात प्रकृती ढासळल्यावर वुडफर्डने उपासनेचे काम साहाय्यक धर्मगुरूवर सोपवले, ते अखेरपर्यंत.

६/
संध्याकाळी चहाच्या वेळी एक मोठी मेणबत्ती पेटवली जाई, साधारण तासभर, आणि मग विझवून ठेवली जाई. तिची नोंदही रोजनिशीत आहे. त्या काळी सर्वसामान्य घरांत जनावरांच्या चरबीची मेणबत्ती किंवा चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची वात जळे. खऱ्या मेणाची मेणबत्ती महाग होती आणि तिच्यावरचा सरकारी करही चरबीच्या मेणबत्तीपेक्षा कितीतरी जास्त होता. सुखवस्तू पाद्रीसुद्धा ती तासभरच जाळत असे. या घरात सणाचा आनंदसुद्धा मोजूनमापून घेतला जाई, हे पुढच्या हिशेबासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

७/
आता घराकडे वळू. धर्मगुरूला ‘घर’ असणे ही मुळात धर्मसुधारणेची देणगी. रोमन परंपरेत तो अविवाहित. जर्मनीत मार्टिन लूथरने १५२५ मध्ये विवाह केला. इंग्लंडमध्ये धर्मगुरूंच्या विवाहाला १५४९ मध्ये कायद्याची मान्यता मिळाली, मेरी राणीच्या राज्यात ती गेली आणि एलिझाबेथच्या काळात व्यवहारात परत आली. तेव्हापासून पाद्र्याची पत्नी हे एक अलिखित पद झाले. त्या पदाला नेमणूकपत्र नव्हते आणि वेतनही नव्हते. कामे मात्र ठरलेली होती: पाहुणे, आजारी, गरीब, सणवार.

८/
वुडफर्ड अविवाहित राहिला. बेट्सी व्हाइट नावाच्या तरुणीशी विवाहाची बोलणी झाली होती, पण तिने दुसऱ्याशी लग्न केले आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही. घरातले ते अलिखित पद १७७९ मध्ये त्याची पुतणी ॲना मारिया, अर्थात नॅन्सी, हिच्याकडे आले. तेव्हा तिचे वय बावीसच्या आसपास होते. पुढची तेवीस वर्षे ती त्या घरात राहिली. यजमानीण तीच, सोबतीण तीच, आजारपणात उशाशी बसणारीही तीच. काकाकडून तिला वर्षाला १० पौंड मिळत.

९/
घरात साधारण पाच नोकर असत: दोन मोलकरणी, त्यांपैकी एक स्वयंपाकीण, एक गडी, शेताकडे पाहणारा एक माणूस आणि एक पोऱ्या. वर्षाचा पगार जानेवारीच्या सुरुवातीला एकदम दिला जाई. शेताकडे पाहणाऱ्या माणसाला १० पौंड, म्हणजे नॅन्सीला मिळे तेवढेच. मोलकरणीला पाच पौंडांच्या आसपास, पोऱ्याला दोनच्या आसपास. अन्न आणि छप्पर वेगळे, हे खरे. तरीही एक गोष्ट उरतेच. नाताळाच्या ज्या जेवणाचे श्रेय इतिहासाने वुडफर्डच्या पदरात टाकले, ते पहाटेपासून चुलीशी राबून रांधणारी बाई वर्षाला पाच पौंडांची होती आणि तिच्या हातची रोजनिशी आपल्यापाशी नाही.

१०/
नॅन्सीची स्वतःची १७९२ ची रोजनिशी उपलब्ध आहे. काकाच्या रोजनिशीतही तिच्या तक्रारी उमटतात: इथे कंटाळा येतो, कुणाकडे जाणे नाही, कुणाचे येणे नाही. वुडफर्डला तिचे बोलणे बोचे. तिचा कंटाळा कृतघ्नपणाचा होता असे काही वाचक मानतात, पण ते न्यायाचे नाही. हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद झाले, की नॉरिच शहर दहा मैलांवर असूनही परक्या मुलखासारखे दूर होई. पाद्र्याच्या घरात सगळा गाव येतो, पण त्या घरातल्या बाईने उठून कुठे जावे हे मात्र दुसऱ्याच्या सोयीवर ठरते.

११/
आता पैशांकडे. पाद्र्याचे उत्पन्न कोठून येई? दशमांशातून. जमिनीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चचा, हा मध्ययुगापासूनचा दंडक. पूर्वी धान्याच्या पेंढ्या, कोकरे, दूध असा तो वस्तुरूपाने घेतला जाई. वुडफर्डच्या काळी अनेक गावांत त्याऐवजी रोख रक्कम ठरवून घेत. चर्चला न जाणाऱ्या शेतकऱ्यालाही तो चुकत नसे, कारण ती श्रद्धेची बाब नव्हती, कायद्याने वसूल करता येणारी रक्कम होती. वेस्टन लाँगव्हिलच्या वृत्तीचे उत्पन्न वर्षाला सुमारे ४०० पौंड होते. त्याच काळी शेतमजुराची वर्षाची कमाई वीस पौंडांच्या आसपास असे.

१२/
या वसुलीचा दिवस डिसेंबरच्या सुरुवातीला येई. त्या दिवसाला वुडफर्डने दिलेले नाव ‘मौज’ या अर्थाचे आहे. ३ डिसेंबर १७७६ रोजी, गावात आल्यानंतरच्या पहिल्या वसुलीत, त्या एका दिवशी सुमारे २३६ पौंड जमा झाले. शेतकऱ्यांसाठी भाजलेले गोमांस, उकडलेले मटण, भरपूर प्लम पुडिंग, वाइन, रम, पंच असा बेत होता. पैसे घेताना माणसे खूश राहावीत याची ही काळजी. नाताळाचे प्रसिद्ध जेवण आणि हे जेवण यांचे पदार्थ जवळपास तेच आहेत. एकच स्वयंपाकघर तीन आठवड्यांत दोनदा पेटले: एकदा घेण्यासाठी, एकदा देण्यासाठी.

१३/
देण्याची सुरुवात २१ डिसेंबरला, संत थॉमसच्या दिवशी होई. गावातले गरीब दारी येत आणि प्रत्येकाला सहा पेन्स मिळत, म्हणजे अर्धा शिलिंग. येणाऱ्यांचा आकडा पन्नासच्या आसपास असे. वीस शिलिंगांचा एक पौंड, या हिशेबाने खर्च सव्वा पौंडाच्या जवळपास. मग २५ ला त्या पाच-सात वृद्धांचे जेवण आणि शिलिंग. त्यानंतर चर्चच्या घंटा वाजवणारे, लोहाराचा मुलगा, खाटकाचा माणूस यांची नाताळाची बक्षिसी. हे सगळे मिळून काही पौंडांच्या आतले प्रकरण.

१४/
येथे थांबून ‘पाहा, ढोंगी पाद्री!’ असा निकाल देणे सोपे आहे, आणि चुकीचेही. त्या काळी कित्येक धर्मगुरू एकाहून अधिक गावांची वृत्ती घेत आणि एकाही गावात राहत नसत. तुटपुंज्या पगारावर साहाय्यक नेमून स्वतः शहरात किंवा तीर्थासारख्या गर्दीच्या आरोग्यस्थानी जात. वुडफर्ड गावात राहिला. त्याला आपल्या गरिबांची नावे ठाऊक होती आणि त्याने ती लिहून ठेवली. वर्षभर आजाऱ्यांना, फिरस्त्यांना, व्हॅलेंटाइनच्या दिवशी लहान मुलांना दिलेल्या नाण्यांच्या नोंदी रोजनिशीत विखुरलेल्या आहेत. त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका घ्यायला जागा नाही. प्रश्न चांगुलपणाचा नाहीच.

१५/
प्रश्न असा, की तो शिलिंग कोणाचा होता? मध्ययुगीन चर्चच्या विधिपरंपरेत एक जुने तत्त्व होते: चर्चच्या उत्पन्नाचे वाटे पडावेत आणि त्यातला एक वाटा गरिबांचा असावा. बिशप, धर्मगुरू, इमारत आणि गरीब अशी ही वाटणी सांगितली जाई. प्रत्यक्षात ती सर्वत्र पाळली गेली असे नाही आणि इंग्लंडमध्ये काळाच्या ओघात दशमांश ही धर्मगुरूची किंवा जमीनदाराची खाजगी मिळकत होऊन बसली. मात्र वाटा विसरला गेला, तरी तो मागण्याची सवय गावागावांत जिवंत राहिली.

१६/
संत थॉमसच्या दिवसाची फेरी ही त्या सवयीचीच खूण. इंग्लंडच्या अनेक भागांत त्या दिवशी गरीब बाया, विशेषतः विधवा, दारोदार जाऊन धान्य किंवा पैसे गोळा करीत. या प्रथेला भागाभागात वेगवेगळी नावे होती. त्या बाया भिकारी समजल्या जात नसत. एरवी कोणापुढे हात न पसरणारी बाईसुद्धा त्या दिवशी मान खाली न घालता जाई. देणाऱ्याने दिले नाही, तर बोल देणाऱ्याला लागे. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन याने १९७१ मध्ये ‘नैतिक अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग रूढ केला तो अशाच समजुतींसाठी: बाजाराच्या आणि कायद्याच्या पलीकडे गरिबांना मान्य असलेला हक्क.

१७/
म्हणजे त्या उंबरठ्यावर एकाच नाण्याचे दोन अर्थ होते. देणाऱ्याच्या वहीत ते दान म्हणून लिहिले गेले. घेणाऱ्याच्या मनात ते येणे होते. वही देणाऱ्याची उरली आणि घेणाऱ्याची कधी नव्हतीच, म्हणून आपल्यापर्यंत ‘दान’ हाच शब्द पोचला. नाताळाच्या त्या जेवणाचे कौतुक करताना इतिहासलेखकही नकळत त्या वहीची भाषा बोलतात.

१८/
दोन अर्थांतला फरक केवळ शब्दांचा नाही, हे महागाईने दाखवले. येणे असेल तर रकमेवर बोलता येते. दान असेल तर रक्कम देणारा ठरवतो. १७९२ मध्ये इंग्लंडात गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांच्या मापाला, ४३ शिलिंग होता. फ्रान्सशी युद्ध, पाठोपाठ वाईट हंगाम, आणि १८०१ मध्ये तोच भाव ११९ शिलिंगांच्या पुढे गेला. जवळजवळ तिपटीने. १७९५ मध्ये आणि १८०० मध्ये भाकरीसाठी ठिकठिकाणी दंगे झाले. वुडफर्डच्या घरचा नाताळाचा शिलिंग मात्र शिलिंगच राहिला. त्यात दुष्टावा नव्हता. प्रथेने ठरलेला आकडा होता आणि तो वाढवून मागण्याची जागा घेणाऱ्याला प्रथेत नव्हती.

१९/
त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षे पुरी होण्याच्या आतच मागणारे निराळ्या रीतीने दारात आले. १८३० च्या हिवाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण आणि पूर्व भागात शेतमजुरांचा उठाव झाला. ‘कॅप्टन स्विंग’ या काल्पनिक नावाने धमकीची पत्रे फिरली, मळणीयंत्रे फोडली गेली. नॉरफोकमध्ये आणि इतरत्र मजुरांचे जमाव पाद्र्यांच्या घरी गेले, काही ठिकाणी नेमके दशमांश-वसुलीच्या दिवशी. मागणी अशी: दशमांश कमी करा, म्हणजे शेतकरी आम्हाला मजुरी वाढवून देईल. अनेक शेतकऱ्यांची त्याला मूक, कुठे उघड संमती होती.

२०/
ही मागणी वुडफर्डच्या रोजनिशीतल्या दोन पानांना एकत्र शिवते. डिसेंबरच्या आरंभीची वसुली आणि अखेरचे दान या वेगळ्या गोष्टी आहेत, असे घरमालकाला वाटू शकत होते. मजुराला तसे वाटले नाही. आपली मजुरी तोकडी का, याचे उत्तर शोधत तो ज्या दारापर्यंत पोचला, त्याच दारात त्याच्या बापाने नाताळाचे गोमांस खाल्ले असेल. उठाव चिरडला गेला, काहींना फाशी झाली, शेकडो लोकांना ऑस्ट्रेलियाच्या वसाहतींत हद्दपार करण्यात आले.

२१/
पुढे दोन कायदे आले. १८३४ च्या नव्या गरीब-कायद्याने मदत मागणाऱ्या धडधाकट माणसाला शक्यतो कडक शिस्तीच्या कामगृहात पाठवण्याचे धोरण आणले. १८३६ च्या कायद्याने वस्तुरूप दशमांशाच्या जागी धान्याच्या भावाशी बांधलेली रोख आकारणी आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. धर्मगुरूचे उत्पन्न धान्याच्या भावाबरोबर चढउतार करील अशी व्यवस्था कायद्याने केली. गरिबाच्या सहा पेन्सांना तसा कोणताही आधार मिळाला नाही. व्हिक्टोरियन काळातला ऊबदार, दानशूर, कथांतून गाजलेला नाताळ उभा राहिला तो यानंतर.

२२/
आणि नॅन्सी? वुडफर्डच्या रोजनिशीतली शेवटची नोंद १७ ऑक्टोबर १८०२ ची. त्यानंतरचा नाताळ त्याने अंथरुणावर काढला असावा. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो गेला. पाद्र्याचे निवासस्थान पदाचे असते, कुटुंबाचे नसते. तेवीस वर्षे ज्या खिडक्यांना डहाळ्या लागताना तिने पाहिले, त्या आता पुढच्या धर्मगुरूच्या झाल्या. ती सॉमरसेटला परतली आणि १८३० मध्ये तिचे निधन झाले. त्या घरावर तिचाही हक्क कागदावर कुठे नव्हता. गावच्या गरिबांप्रमाणेच तीही प्रथेवर आणि एका माणसाच्या भलेपणावर अवलंबून होती.

२३/
वुडफर्डचा नाताळ जरूर वाचावा. त्यातली हॉलीची डहाळी, तासभराची मेणबत्ती, आजाऱ्याच्या घरी पोचवलेले ताट यांत खरा जिव्हाळा आहे. फक्त २५ डिसेंबरचे पान एकटे वाचू नये. सोबत ३ डिसेंबरचे, २१ डिसेंबरचे आणि जानेवारीतल्या पगारांचे पान ठेवावे. कोणी किती दिले, हा प्रश्न सणाच्या दिवशी सगळेच विचारतात. किती द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा असतो. वेस्टन लाँगव्हिलच्या त्या वृद्धांनी हातातला शिलिंग उलटसुलट करून पाहिला असेल, तेव्हा त्यांच्याही मनात कदाचित हाच प्रश्न आला असेल; लिहून ठेवायला त्यांच्याजवळ वही नव्हती.

(धागा समाप्त)